ड्रॅक्युला, झाँबी, वेअरवुल्फ: कुणाकुणाची झोप उडवलीये?

खिडकीची_कडी: काल रात्री दिवे गेले. मोबाइलच्या उजेडात कपाटात मेणबत्ती शोधत होते, तर हाताला जुनं 'ड्रॅक्युला' लागलं. मुखपृष्ठ गळालेलं, तिसऱ्या प्रकरणात खूण. तेरा वर्षांची असताना तिथेच थांबले होते. काउंट, म्हणजे रक्त पिणारा व्हॅम्पायर ड्रॅक्युला, किल्ल्याच्या भिंतीवरून डोकं खाली करून, पालीसारखा उतरतो, ते वाचलं आणि पुस्तक मिटून थेट आईच्या पांघरुणात. पुढे कित्येक महिने झोपण्याआधी कडी तीनतीनदा बघायचे. काल पुन्हा तेच पान काढलं. धावत नाही, ओरडत नाही, नुसता उतरतो मेला! तर तुम्हाला कुणी छळलं? येऊ द्या.

अर्धा_चंद्र: भिंतीचं काय घेऊन बसलीस, पुढे जहाजाची नोंदवही येते ती वाच. एकेक खलाशी गायब. शेवटी कप्तान सुकाणूला स्वतःला बांधून घेतलेला, तसाच मेलेला. होस्टेलवर वाचलं होतं. रात्री बाथरूमला जायचं तर रूममेटला उठवायचो. तो अजून चारचौघांत सांगतो.

रातकिडा: झाँबी, म्हणजे चालती प्रेतं. तेही पळणारे नकोत, रखडत येणारे. 'वर्ल्ड वॉर झी' (2006) सगळं मुलाखतींचं आहे, म्हणजे बोलणारा वाचलाय हे आधीच माहीत, तरी घाम फुटतो.

दिवसा_येईन: वाचनखूण साठवली. आत्ता नाही वाचणार, घरात एकटी आहे.

मायलेक: 'ड्रॅक्युला'तल्या ल्यूसीच्या गळ्यात त्याला दूर ठेवायला घातलेली लसणाची फुलं तिची आईच काढते, वर खिडकी उघडते. का, तर खोलीत कोंदट वास! कॉलेजात असताना त्या बाईचा संताप आला होता. आता स्वतः आई झाले, मीही तेच केलं असतं. डॉक्टरांनी तिला सांगायला नको होतं का नीट?? असो, कुकर झालाय, येते.

जुना_वाचक: व्हॅम्पायरचं उन्हात जळून जाणं वगैरे सिनेमावाल्यांचं. मूळ कादंबरीत काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये फिरतो. शेवटी छातीत खुंटीही नाही ठोकत, कुकरी आणि सुरा.

खिडकीची_कडी: अहो काका!!! मी तिसऱ्या प्रकरणात आहे!!!

जुना_वाचक: 1897 चं पुस्तक आहे हो ताई. बरं, सॉरी.

रातकिडा: 😂😂

उशाशी: 'आय ॲम लेजंड' कुणीच नाही घेतलं? 1954 चं. एकटा उरलेला माणूस, आणि व्हॅम्पायर झालेला जुना शेजारी रोज रात्री घराबाहेरून ओरडतो, नेव्हिल, बाहेर ये. बाबांच्या आजारपणात जागरणं करताना वाचलं. भीती नाही वाटली, सोबत वाटली. तो दिवसभर फळ्या ठोकणार, लसणाच्या माळा बदलणार; मी औषधांच्या वेळा लिहिणार. बाबा गेले त्या रात्री वीसेक पानं राहिली होती. ती अजून राहिलीच आहेत.

मायलेक: अरे... 🙏

अर्धा_चंद्र: नको वाचूस. राहू दे तशीच.

पौर्णिमा_नको: वेअरवुल्फला, म्हणजे पौर्णिमेला लांडगा होणाऱ्या माणसाला, कुणी विचारतच नाही राव. व्हॅम्पायरला किल्ला, झगा, सुंदर बायका. याच्या वाट्याला नुसते केस, आणि सकाळी उठून पश्चात्ताप. आमचा कुत्रा परवा रात्रभर रडला, तेवढाच काय तो माझा अनुभव.

जुना_वाचक: कान बघितलेत का त्याचा? आमचा असाच रडायचा, कानात गोचीड निघाली.

पौर्णिमा_नको: नाही बघितला. थांबा, टॉर्च आणतो.