डोक्यावर घेतलेले स्पीकर : नाशिकच्या कानसेनांसाठी अनुभव धागा

काही स्पीकरचं नाव निघालं की जाणकार कानाची पाळी पकडतात, आणि प्रत्यक्ष ऐकल्यावर आपल्याला वाटतं, एवढंच? असे फाजील कौतुक झालेले घरगुती स्पीकर कोणते, ते इथं सांगा. मात्र 'भंगार आहे' म्हणून पळू नका. खोली केवढी, मागं भिंत आहे का, ऐकता काय, हेही लिहा. दुकानाशी झालेली भांडणं नाव न घेता.

श्रीगणेशा मीच करतो. बोस ९०१. १९६८ साली आलेल्या या पेटीत साडेचार इंची नऊ स्पीकर. त्यातले आठ मागं भिंतीकडे तोंड करून आणि एकच आपल्याकडे. खालच्या सुरांसाठी वेगळा वूफर नाही, वरच्या सुरांसाठी ट्वीटर नाही. खालचे-वरचे सूर भरून काढायला सोबतचा इक्वलायझर जोडावाच लागतो. सगळी मदार भिंतीवर. आता गंगापूर रोडचा कुठलाही नवा फ्लॅट घ्या. हॉलच्या एका टोकाला बाल्कनीची सरकती काच, दुसऱ्या टोकाला डायनिंगकडे नुसती पोकळी. एका बाजूचा आवाज काचेवरून खणखणत परत येतो, दुसऱ्या बाजूचा स्वयंपाकघरात निघून जातो. १९७० साली अमेरिकेतल्या एका ग्राहक मासिकानं यात वाद्यं खोलीभर हिंडतात असं छापलं, तर कंपनी कोर्टात गेली. खालच्या कोर्टात वाद्यं 'खोलीभर' हिंडतात की 'भिंतीलगत' यावर खल झाला! १९८४ साली सुप्रीम कोर्टानं निकाल मासिकाच्या बाजूनं दिला, पण तो मुद्दाम खोटं छापलं का, या मुद्द्यावर. आवाजाचा निकाल ज्याच्या त्याच्या हॉलमध्ये.

इंदिरानगर
माझं मत एलएस ३/५ए ला. बीबीसीनं सत्तरच्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये मावावा म्हणून बनवलेला जेमतेम फूटभर उंचीचा डबा. व्हॅनमध्ये निवेदकाचा आवाज तपासायला उत्तम, यात वाद नाही. पण लोक लाखांच्या घरात पैसे मोजून तो पंधरा फुटी हॉलमध्ये ठेवतात आणि डोळे मिटून माना डोलावतात. खालचे सूर त्यात नाहीतच. ते असल्याचा भास व्हावा म्हणून थोडा वरचा भाग किंचित फुगवलेला आहे. डग्ग्यावर तळहात घासून घिस्सा मारला की सुरुवात ऐकू येते, शेवट कुठं जातो कळत नाही.

जुनं नाशिक
इंदिरानगरवाले दादा, पंधरा फुटांवरून का ऐकता? आमच्या वाड्यातल्या खोलीत मातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, आणि मी याच डब्यापासून बसतो पाच फुटांवर. ख्याल लावला की गाणाऱ्याचा श्वास, जवारीदार तानपुरा, सगळं जागच्या जागी. मोठमोठ्या पेट्यांना हे जमलेलं मी ऐकलेलं नाही. डग्गा ऐकायचा असेल तर कालिदास कलामंदिरात तिकीट काढून बसा.

सिडको
पीएमपीओ वॅट, म्हणजे खोक्यावरची फुगवलेली ताकद. यापलीकडे काही बोलत नाही.

नाशिक रोड
वरच्या सिडकोवाल्या भावासाठी. मी रिपेअरिंग करतो, त्यामुळे पेट्या आतून बघतो. समोर चार स्पीकर दिसणारे स्वस्तातले टॉवर, म्हणजे उंच उभ्या पेट्या, येतात. जाळी काढून खालच्या दोघांच्या मागं हात घातला तर वायरच नसते. कधी कधी चुंबकही नाही, नुसता कोन, म्हणजे समोरचा शंकू, चिकटवलेला. वजन वाटावं म्हणून तळाला सिमेंटचा गोळा. खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या स्पीकरकडे वाटून देणारा क्रॉसओव्हर म्हणजे ट्वीटरला लावलेला एक कॅपॅसिटर.

आता गंमत ऐका. १९७० चा जेबीएल एल-१००, ज्याच्या जुन्या जोडीसाठी लोक मागेल ती किंमत देतात, त्यातही क्रॉसओव्हरमध्ये वूफरकडे जाणारे वरचे सूर अडवणारी कॉइल नाही. दोन कॅपॅसिटर, दोन कंट्रोल, झालं क्रॉसओव्हर. पण त्याचा बारा इंची वूफर तसा चालवता येईल असा घडवलेला आहे आणि त्याची कड कापडी आहे. म्हणून तो टिकला. त्याच काळातल्या कित्येक नामांकित पेट्यांची फोमची कड बोट लावलं की भुगा होऊन पडते. एल-१०० ची समोरची फोमची जाळी तेवढी तशीच भुरभुरते. आवाज दणदणीत, थोडा आरडाओरडा करणारा. रॉकला छान, सतारीला मी लावणार नाही.

कॉलेज रोड
मी ढोल पथकात आहे, त्यामुळे ठोका म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मैदानात नाशिक ढोलाचा ठोका पडतो आणि संपतो. दहा फूट रुंद बेडरूममध्ये मोठे टॉवर लावले की तो संपतच नाही. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट अंतर असेल तर साधारण ५६ हर्ट्झचा सूर तिथं अडकतो. भिंतीला टेकून बसलं की डोकं भणभणतं, खुर्ची मधोमध आणली की तोच सूर गायब. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारी बाजूंनी विटा-सिमेंट, मग दुसरं काय होणार? माझ्या लेखी छोट्या खोलीतला प्रत्येक टॉवर हा फुगवलेला बाजार आहे. नावानिशी यादी देत बसत नाही.

पाथर्डी फाटा
छताकडे आवाज फेकणारे ॲटमॉस साउंडबार. आवाज आदळून खाली यायला छत सपाट लागतं. आमच्याकडे पीओपीच्या तीन पायऱ्या आणि मधोमध पंखा.

देवळाली कॅम्प
मी रेकॉर्डिंगचं काम करते. यामाहा एनएस-१० बद्दल बोलायलाच हवं. १९७८ साली तो घरगुती स्पीकर म्हणूनच आला होता, आणि घरात फारसा कुणाला आवडला नाही. स्टुडिओवाल्यांनी उचलला, कारण मिक्समधला दोष तो लपवत नाही. वरचा आवाज इतका टोचायचा की ट्वीटरवर टिश्यू पेपर चिकटवायची पद्धत पडली. २००१ मध्ये उत्पादन थांबलं, आणि आता पांढऱ्या कोनचा फोटो छान येतो म्हणून मंडळी तो हॉलमध्ये मांडतात. सराफ बाजारातलं भिंग डोळ्याला लावून जेवायला बसण्यासारखं आहे हे. माझ्या टेबलावर तो राहील, माझ्या दिवाणखान्यात नाही.

म्हसरूळ
सगळ्यांनी आधी एक करा, डोळे बांधा. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये हेच मांडलं: स्पीकर समोर दिसत असले की गुण वेगळे पडतात, पडद्याआड गेले की वेगळे. कसलेले ऐकणारेही यातून सुटले नाहीत. माझा हॉल मोठा आहे, रविवारी रिकामा असतो. वाड्यातले काका त्यांचा डबा आणतील, कॉलेज रोडवाला टॉवर, मी पडदा लावतो.

नाशिक रोड
येतो. पण आधी दोन्हींची पातळी सारखी करायची. जरासा मोठा वाजणारा नेहमीच जिंकतो. काकांच्या डब्याला तेवढ्याच आवाजासाठी ताकद जास्त लागते, ॲम्प्लिफायर दमदार ठेवा. मीटर माझ्याकडे आहे.

देवळाली कॅम्प
आणि पडदा जाड नको, वरचे सूर खाईल. जुनी सुती साडी आणते. मच्छरदाणी नको, आरपार दिसतं.