मदत हवी आहे: उतरवलेलं वजन परत चढतंय, थांबवायचं कसं?

सायली_डों
नमस्कार मंडळी. पाल्हाळ लावत नाही. ८१ वरून ६६ वर आले होते, बिल्डिंगमधल्या बायका अडवून विचारायच्या काय केलंस म्हणून. आता काटा ७४ दाखवतोय आणि पुढेच सरकतोय. खाणं तेच आहे. मार्गशीर्षात भाचीचं लग्न आहे, ब्लाउज मापाला देऊन झालेत. पुन्हा पहिल्यापासून डाएट करायची ताकद नाही. उतरलेलं टिकवायचं कसं, एवढंच सांगा. "इच्छाशक्ती लागते" हे सांगायला कृपया कोणी येऊ नये, त्यासाठी घरात माणसं आहेत. जरा लवकर.

गप्पूशेट
इच्छाशक्ती लागते. (पळतो.)

मृण्मयी_नाशिक
ताई, वय? उंची? किती काळात उतरवलंत आणि कशाने? थायरॉईड, साखर तपासलीय का? आणि "खाणं तेच" म्हणजे डाएटमधलं तेच की डाएटच्या आधीचं तेच? यातलं काहीच न सांगता उत्तर मागितलंत तर इथे पन्नास जण पन्नास उपाय सांगतील.

दोन_घास
पन्नास कशाला, एकच पुरे. दिवसातून दोनदाच जेवायचं, कडकडून भूक लागेल तेव्हा. जेवण ५५ मिनिटांच्या आत उरकायचं. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाल. सुरू करण्याआधी एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि उपाशीपोटी इन्सुलिन तपासून घ्या. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची व्याख्यानं ऐका, मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा. एक पैसा खर्च नाही.

सायली_डों
अहो, तेच तर केलं होतं. त्यानेच उतरलं, त्याबद्दल तक्रार नाही. लिहिलं नव्हतं का वर? असो. वय ४४, उंची ५ फूट २. थायरॉईड नॉर्मल, साखर नॉर्मल.

दोन_घास
केलं होतं म्हणजे? सोडलंत का मग? सोडलंत तर वाढणारच.

तूपभात
घ्या! "सोडलंत तर वाढणारच." जे आयुष्यभर जमणार नाही ते करायचंच कशाला? म्हणून मी पहिल्यापासून ऋजुता दिवेकरांच्या बाजूची. घरचं, हंगामातलं, दर दोन तासांनी थोडं थोडं. भातावर तूप घ्या, केळं खा, आंबा खा. शरीराला उपाशी ठेवून कोणाचं भलं झालंय?

दोन_घास
दर दोन तासांनी खाल्लं की दर दोन तासांनी इन्सुलिन वर. चरबी जळायला सवड कधी मिळणार?

तूपभात
इन्सुलिन हा शब्द कळला की लोक डॉक्टर होतात.

नगरकर_आबा
२०१८ साली आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या दीक्षित-दिवेकर भांडणात दोन साडू एकमेकांशी बोलेनासे झाले होते. दोघांची पोटं आजही जागच्या जागी आहेत. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा फोडून खावा आणि शेतावर चालत जावं.

सायली_डों
आबा, डोंबिवलीत शेत कुठून आणू?

मृण्मयी_नाशिक
मी आहारतज्ज्ञ आहे, सरकारी इस्पितळात काम करते, म्हणून दोन्ही पक्षांना एकदाच सांगते. दोनदा खा नाहीतर आठदा, वजन उतरतं ते दिवसभराचं एकूण खाणं कमी झालं म्हणून. ज्याला जी रीत पेलते ती त्याची. या धाग्याचा प्रश्न उतरवण्याचा नाहीच, टिकवण्याचा आहे, आणि ते वेगळं काम आहे.

सायलीताई, ८१ किलोच्या शरीराला जेवढं लागायचं तेवढं ६६ च्या शरीराला लागत नाही. चालायला, जिना चढायला, नुसतं बसायलासुद्धा कमी पुरतं. त्यातच भूक वाढते. मेलबर्नमध्ये ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवून वजन उतरवलं होतं. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वर्ष उलटलं तरी त्यांच्या रक्तातली भूक आणि तृप्तीची संप्रेरकं जागेवर आली नव्हती. तृप्तीचं लेप्टिन कमीच, भुकेचं घ्रेलिन जास्तच, आणि माणसं भुकेलेली. घरच्यांना हे वाचून दाखवा, म्हणजे "खादाडपणा करतेस" म्हणायचे थांबतील.

अभियंता_पिंपरी
आणि अमेरिकेतला तो टीव्हीवरचा वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा प्रकार विसरू नका. केविन हॉल यांच्या चमूने त्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं (२०१६ सालचा शोधनिबंध). सरासरी ५८ किलो उतरवलं होतं, त्यातलं ४१ परत आलं. शरीर मात्र विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज ५०० च्या आसपास कॅलरी कमीच जाळत होतं. एकदा चयापचय मेलं की मेलं.

मृण्मयी_नाशिक
मेलं वगैरे काही नाही हो. ती माणसं दिवसाला कित्येक तास घाम गाळून, जेमतेम खाऊन काही महिन्यांत निम्मी झाली होती. ताईंना ते लागू करू नका. शिवाय त्याच मंडळींच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की ज्यांनी वजन टिकवलं त्यांची शारीरिक हालचाल पुष्कळ वाढलेली होती. निबंध वाचायचा तर पुढचाही वाचावा.

फ्रँकफुर्टची_माई
अवांतर विचारते, रागावू नका. जर्मनीत ज्वारीचं पीठ ताजं कुठे मिळतं? दुकानातलं कडू लागतं आणि भाकरी थापताना चिरते.

नगरकर_आबा
पीठ जुनं असलं की वळत नाही. आख्खी ज्वारी न्या आणि घरी दळा. उकळतं पाणी घालून मळा.

पुण्याचा_जोशी
कोणी उंचीवरून हिशेब केला का? ताईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ६६ ला साडेसव्वीस होता, आता तीसला टेकलाय. आपल्याकडे २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, युरोपातले आकडे आपल्याला चालत नाहीत. आमच्या पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक प्रसिद्ध फोटो आहे, ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी शेजारी शेजारी. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. ब्रिटिश गृहस्थांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के! २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तेव्हा काटा सोडा, कंबर मोजा. बायकांना ८० सेंटिमीटरच्या आत.

सायली_डों
कंबर मोजायची हिंमत नाही. जोशीकाका, मी लठ्ठ आहे हे मला ठाऊक आहे, धागा त्यासाठीच काढलाय. टिकवायचं कसं ते सांगा ना कोणीतरी!

मृण्मयी_नाशिक
तुम्ही अजून सांगितलेलं नाही की आता दिवसभरात काय काय खाता. आणि ती ४५ मिनिटांची चाल चालू आहे का?

सायली_डों
चाल कशी चालू असेल? बदली झाली ना. आधी ऑफिसची शाखा घरापासून चालत जाण्यासारखी होती, आता ठाणे. सकाळची लोकल, आल्यावर स्वयंपाक. पण जेवण अजून दोनदाच, सकाळी डबा आणि रात्री. मध्ये काही खात नाही. संध्याकाळी गाडीत चार दाणे खाते तेवढेच. सोमवार आणि चतुर्थीला तर उपास असतो, म्हणजे त्या दिवशी आणखी कमी.

बेबीमावशी
उपासाला काय खाता?

सायली_डों
साबुदाण्याची खिचडी. उपासाला दुसरं काय खाणार?

तूपभात
🙂

दोन_घास
आमचं आणि तूपभात यांचं पहिल्यांदाच एकमत होतंय.

अभियंता_पिंपरी
थांबा, गणित करू. चरबीचा एक किलो म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. ८ किलो म्हणजे ६१,६००. वर्षभरात वाढले असं धरलं तर रोजच्या १७० च्या आसपास. (डाएट सोडल्यावरचे पहिले एक-दोन किलो बरेचसे पाणीच असतं, म्हणजे प्रत्यक्षात याहूनही कमी.) आता ३० ग्रॅम शेंगदाणे, एक बऱ्यापैकी मूठ: १७० कॅलरी. ताईंचे "चार दाणे" किती असतात कोणास ठाऊक, पण कोणीही अधाशासारखं न खाता आठ किलो असे चढतात. चाल गेली ती वेगळीच, त्या ४५ मिनिटांच्याही जवळपास तेवढ्याच धरा.

सायली_डों
दाण्यांवर आलात होय. शेंगदाण्यात प्रोटीन असतं.

मृण्मयी_नाशिक
असतं, पण त्याहून जास्त तेल असतं. तेल ओतताना एक लहान चमचा जास्त पडला तरी ४५ कॅलरी गेल्या. तुमची चूक काढत नाहीये, डोळ्यांना हे दिसतच नाही. एक आठवडा सगळं लिहून काढा, दाणे वाटीत मोजून. उपासाला खिचडीऐवजी राजगिरा-दही, वरीचे तांदूळ आणि दाण्याची पातळ आमटी, ताक. डब्यात डाळ-उसळ जास्त, पोळी एक कमी. डाएट करताना चरबीबरोबर स्नायूही गेलेले असतात, ते परत मिळवायला आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, घरात होतं सगळं. आणि ठाण्याला उतरल्यावर शाखेपर्यंत रिक्षा की पायी?

सायली_डों
रिक्षा. सकाळी फार झोप येते हो, डोकं जड असतं, चालवतच नाही. ती डोकेदुखीची गोळी चालू झाल्यापासून असंच आहे.

केमिस्ट_कोल्हापूर
कोणती गोळी??

सायली_डों
अर्धशिशीसाठी. रोज रात्री एक. त्याचा इथे काय संबंध?

केमिस्ट_कोल्हापूर
वहिनी, नाव सांगा. पाकिटावर बारीक अक्षरात असेल ते, कंपनीचं नको.

सायली_डों
फ्लुनारिझिन १०. बदलीनंतर डोकं फार उठायला लागलं, तेव्हापासून घेतेय.

केमिस्ट_कोल्हापूर
आत्ता कळलं. या औषधाने झोप येते आणि वजन वाढतं, दोन्ही नेहमीचे दुष्परिणाम. काहींचं मनही उदास होतं, तेही डॉक्टरांना सांगायचं असतं. मी आठ किलोचा सगळा बोजा गोळीवर टाकत नाही, पण चाल बंद, झोप जास्त, भूक जास्त हे सगळं एकाच वेळी सुरू झालंय. मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाऊन विचारा की अजून गरज आहे का, आणि असेल तर दुसरं काही देता येईल का. अर्धशिशी टाळायच्या औषधांत वजन न वाढवणारीही आहेत, मात्र प्रत्येकाचे आपापले त्रास असतात, ते डॉक्टरच ठरवतील.

सगळ्यांसाठीच सांगतो, वजन चढायला लागलं की औषधांची पिशवी उलटी करून बघावी. स्टेरॉइड, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, फिट्सचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजाराची काही औषधं. आणि भूक लागावी म्हणून पोरांना देतात ते सायप्रोहेप्टाडिन तर त्यासाठीच घेतलं जातं!

दोन_घास
म्हणजे डाएटची चूक नव्हतीच. मी म्हणत होतो.

तूपभात
तुम्ही असं काहीही म्हणत नव्हता.

अनामिक_ठाणेकर
एवढा व्याप कशाला, आता ती वजन उतरवायची सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं आलीत ना? माझ्या ऑफिसातल्या साहेबांनी २०२५ मध्ये बाजारात आल्या आल्या सुरू केली, ओळखू येत नाहीत.

मृण्मयी_नाशिक
डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ज्यांना गरज आहे त्यांना उपयोगी आहेत, नावं ठेवणार नाही. पण धाग्याचा विषय टिकवणं आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं सुमारे दोन तृतीयांश परत आलं. साहेबांना विचारून बघा, पुढे काय ठरवलंय.

बेबीमावशी
सायली, माझं १२ किलो उतरलेलं आहे आणि गेली बरीच वर्षं टिकून आहे, म्हणून लिहिते. मी दर शनिवारी सकाळी काट्यावर उभी राहते, लग्नकार्य असो की दिवाळी. दोन किलो वर गेले की त्याच आठवड्यात आवरते, पाच होऊ देत नाही. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही आहे म्हणे, किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांचीच त्यात नोंद होते. त्यातलेही बहुतेक जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात आणि रोज तासभर चालतात-फिरतात. मला मुलाने वाचून दाखवलं तेव्हा हसू आलं, मी आपली काट्याला घाबरून करत होते. फराळ सोडलेला नाही. चकली मोजून खाते. चिवड्याचा डबा मात्र घरात समोर ठेवत नाही, कारण तो मला मोजता येत नाही.

गप्पूशेट
मावशी, म्हणजे इच्छाशक्तीच की.

बेबीमावशी
नाही रे बाबा. इच्छाशक्ती असती तर डबा समोर ठेवला असता.

संपादक मंडळ
इन्सुलिनवरचे व्यक्तिगत रोखाचे चार प्रतिसाद काढले आहेत. ज्वारीच्या पिठासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

सायली_डों
डॉक्टरांची मंगळवारची वेळ मिळालीय. काल गाडीत खाते तेवढे दाणे घरी वजनकाट्यावर टाकले, ५५ ग्रॅम भरले. आकडा नवऱ्याला सांगितलेला नाही, इथेही कोणी चर्चा करू नये. मृण्मयी, एक सांग, लग्नापर्यंत ६८ वर येईन का?

मृण्मयी_नाशिक
नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. घाईने उतरवलं तर पित्ताशयात खडे व्हायची शक्यता वाढते, आणि अर्धशिशी असताना उपाशी राहिलात तर डोकं उठेल. आधी ७४ वर थांबा. दोन महिने काटा हलला नाही तर ते यशच समजा, मग महिन्याला एखादा किलो. मंगळवारी डॉक्टरांना हे नक्की सांगा की तुम्ही दोनदाच जेवता. काही जणांची अर्धशिशी दोन जेवणांतल्या मोठ्या खंडानेच उठते, म्हणजे गोळी बदलण्याइतकाच जेवणाच्या वेळांचाही विचार करावा लागेल.

तूपभात
बघा!

दोन_घास
"काही जणांची" असं लिहिलंय त्यांनी. नीट वाचा.

नवा_सभासद_लातूर
सगळं वाचलं नाही, पण माझा प्रश्न उलटा आहे. माझा भाचा फार किडकिडीत आहे, बारावीला आहे, वजन वाढायला काय द्यावं? ते वर भूक लागायच्या औषधाचं नाव आलंय ते चालेल का?

केमिस्ट_कोल्हापूर
चालणार नाही. वेगळा धागा काढा, आणि त्यात त्याचं वय, उंची, वजन, खाणं आणि चालू असलेली औषधं पहिल्याच ओळीत लिहा.