तळमजल्याचा गाळा कोणत्या डॉक्टरांना द्यावा?

सचिव (सी-२०३): सोसायटीच्या सर्व सभासदांना नमस्कार. तळमजल्यावरील रिकाम्या गाळ्यासाठी दवाखान्याचे दोन अर्ज आले आहेत. पहिले डॉक्टर एमबीबीएस आहेत, परंतु ते आठवड्यातून तीनच दिवस, संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत येऊ शकतील. दुसऱ्या डॉक्टर बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीच्या पदवीधर, असून त्यांनी सीसीएमपी हा आधुनिक औषधशास्त्राचा (अ‍ॅलोपॅथीचा) प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि त्या रोज दोन्ही वेळा बसणार आहेत. रविवारच्या सभेपूर्वी आपली मते कळवावीत.

ए-३०२: गेल्या आठवड्यात, १८ सप्टेंबर २०२५ रोजी, अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांनी राज्यभर काम बंद ठेवले ते याच सीसीएमपीवरून ना? होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी अ‍ॅलोपॅथीची औषधे लिहिणे कायद्याला धरून आहे की नाही, हे आधी कोणीतरी स्पष्ट करावे. भाडे मिळते म्हणून गाळा द्यायचा आणि पुढे सोसायटीच अडचणीत यायची, असे नको.

डी-१०१ (वकील): थोडे मागे जावे लागेल. मुंबईत १९९२ साली एका होमिओपॅथ डॉक्टरांनी रुग्णाला आधी विषाणूजन्य ताप आणि नंतर टायफॉइड समजून अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि तो रुग्ण दगावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल देताना म्हटले की ज्या उपचारपद्धतीचे शिक्षण व नोंदणी नाही तिचा अवलंब करणे हाच निष्काळजीपणा होय, आणि ३ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथांना मर्यादित स्वरूपात आधुनिक औषधे लिहिण्याची वाट मोकळी केली. आपल्याच नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ तो अभ्यासक्रम चालवते. इंडियन मेडिकल असोसिएशनने त्या दुरुस्तीला उच्च न्यायालयात आव्हान दिले असून तो वाद अद्याप मिटलेला नाही. मधल्या काळात अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने ३० जून २०२५ रोजी अशा डॉक्टरांची नोंदणी १५ जुलैपासून सुरू करण्याची सूचना काढली, विरोध झाल्यावर ती स्थगित झाली, समिती नेमली गेली आणि ५ सप्टेंबरला शासनाने नोंदणी सुरू करण्याचे आदेश पुन्हा दिले. गेल्या आठवड्यातला बंद त्यावरच होता. तेव्हा आज हे बेकायदेशीर आहे असे मी म्हणणार नाही, आणि वाद संपला असेही म्हणणार नाही.

ए-३०२: वकीलसाहेब, आभारी आहे. म्हणजे घोडे अजून गंगेत न्हालेले नाही.

ए-४०१: मी स्वतः बीएचएमएस आहे, अर्जदार मी नव्हे, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते. आमची पदवी इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची असते आणि त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे विषय आम्ही शिकतो. आधुनिक औषधशास्त्र मात्र त्या प्रमाणात शिकत नाही, आणि एका वर्षात ते एमबीबीएसच्या तोडीचे होते असा दावा मी करणार नाही. परंतु शहरातल्या कितीतरी खासगी रुग्णालयांत रात्रपाळीला निवासी डॉक्टर म्हणून कोण उभे असते, हेही पाहावे. तेथे आमच्या हाताने दिलेली सलाइन सर्वांना चालते. दवाखान्याच्या पाटीवर मात्र तीच पदवी खटकते. ज्यांनी अभ्यासक्रम केला त्यांची नोंद एका ठिकाणी झाली, तर निदान त्यांच्याविरुद्ध तक्रार कोठे करायची हे तरी रुग्णाला कळेल.

बी-४०४ (निवृत्त फार्मासिस्ट): ताई, रात्रपाळीचा मुद्दा शंभर टक्के खरा. मी ३१ वर्षे काउंटरवर काढली, म्हणून काउंटरपलीकडून काय दिसते ते सांगतो. चिठ्ठी आली की केमिस्टने आधी औषध नव्हे, लिहिणाऱ्याचे नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचायचा असतो. सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके २०१४ पासून शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या औषधयादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. अनेक लेटरहेडवर ‘डॉ.’ ठळक आणि पदवी मुंगीएवढ्या अक्षरांत असे. त्यामुळे कोणाची चिठ्ठी ग्राह्य धरायची हा प्रश्न आमच्यापुढे रोजचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सीसीएमपी केलेल्यांच्या चिठ्ठीवर औषधे देण्यास हरकत नसल्याचे परिपत्रक काढले खरे, पण नोंदणीच नसेल तर सीसीएमपी झाले आहे हे काउंटरवरच्या माणसाने ओळखायचे कसे? म्हणून माझे मत असे, की गाळा कोणालाही द्या, पण पॅथीपेक्षा पाटी पाहा.

ए-३०२: काका, पाटी ठीक आहे, पण माझ्या पाच वर्षांच्या मुलाला मध्यरात्री १०३ ताप आला, तर मी कोणाकडे जायचे?

ए-४०१: १०३ ताप आणि मूल मलूल असेल, पाणी घेत नसेल, श्वास जोरात चालत असेल तर आपल्या गाळ्यातील कोणाचीही वाट पाहू नका, थेट बालरोग विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. हे मी माझ्या पॅथीविरुद्ध बोलत नाही. पहिल्या पायरीवरच्या डॉक्टरचे निम्मे कौशल्य वेळेवर पुढे पाठवण्यात असते.

बी-४०४ (निवृत्त फार्मासिस्ट): हे मात्र करारातच लिहून घ्या.

सचिव (सी-२०३): करारात अशा वैद्यकीय अटी घालता येतील का, वकीलसाहेब?

डी-१०१ (वकील): कोणती औषधे लिहावीत हे सोसायटीने ठरवू नये, तो आपला अधिकारही नव्हे आणि ते आपल्याला झेपणारेही नाही. पदवी, परिषदेचे नाव व नोंदणी क्रमांक मराठीत मोठ्या अक्षरांत लावणे, नोंदणीची प्रत दरवर्षी सचिवांकडे देणे आणि नोंदणी रद्द वा स्थगित झाल्यास सात दिवसांत कळवणे, एवढ्या अटी घालता येतील. दोन्ही अर्जदारांना त्या सारख्याच लागू करा, म्हणजे भेदभावाचा प्रश्न येणार नाही. उच्च न्यायालयाचा निकाल कधीही येऊ शकतो, म्हणून करार ११ महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा करू नका.

सचिव (सी-२०३): अटींचा मसुदा शनिवारपर्यंत येथे टाकतो. एमबीबीएस डॉक्टरांना तीनऐवजी पाच दिवस येणे जमेल का, हेही आज फोन करून विचारतो. दोघांनीही एकच गाळा सकाळ-संध्याकाळ वाटून घेण्याची तयारी दाखवली, तर सभासदांची हरकत असणार नाही, असे मी धरू का?

ए-३०२: माझी हरकत नाही. फक्त पाट्या दोन स्वतंत्र लावाव्यात.