ट्रक, स्कूटी आणि तिसरा नियम: चूक पोरांची की शिकवण्याची?

तासिकावाली
काल रोखठोक यांनी लिहिलं की ट्रक स्कूटीला धडकला तर ट्रकचंच बल जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. न्यूटनचा तिसरा नियम (एक वस्तू दुसरीवर जेवढं बल लावते, तेवढंच दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते) म्हणजे पुस्तकी हट्ट, नववीतून काढून टाकला तर कुणाचं काही अडणार नाही. त्यावर शंभराच्या वर लाइक पडले, म्हणून सविस्तर लिहिते.

एकोणीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आहे. दरवर्षी सुरुवातीलाच वर्गात विचारते: दहा टनांचा ट्रक उभ्या स्कूटीला धडकला, कोणाचं कोणावर बल जास्त? जवळजवळ सगळे हात ट्रकच्या बाजूने वर. आणि हीच पोरं दोन मिनिटांपूर्वी तिसरा नियम एका सुरात म्हणून दाखवतात! पाठ आहे, पण पटलेला नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९९२ साली हेस्टेनीस आणि सहकाऱ्यांनी बलाच्या संकल्पनांची एक चाचणी छापली. तिच्यातही ट्रक आणि कारची टक्कर आहे. हार्वर्डच्या एरिक माझुर यांनी तशीच चाचणी आपल्या वर्गाला दिली, तर एका मुलीने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू की मला वाटतं तसं? माझ्या वर्गात हा प्रश्न तोंडाने कुणी विचारत नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात तोच असतो.

गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये असतात तसले काट्याचे दोन वजनकाटे वर्गात नेले. तालमीत जाणारा एक मुलगा उभा केला आणि समोर वर्गातली सगळ्यात किरकोळ मुलगी. काटे पाठीला पाठ लावून दोघांच्या तळहातांमध्ये धरले. "ढकल." दोन्ही काटे सोळा किलोवर. मुलीने आपल्या काट्यावर टिचकी मारली. मग "मॅडम, हा बिघडलाय" म्हणत काटे बदलून घेतले. पुन्हा दोन्हीकडे सारखंच. मग म्हणाली, "मी ढकलतच नाहीये, नुसती उभी आहे." तरी तिचा काटा त्याच्याइतकंच दाखवत होता. शेवटी ती मागे घसरली, कारण तिचं वजन कमी आणि फरशी गुळगुळीत. दोघांमधलं बल समान होतं. जमिनीने दोघांना दिलेला आधार समान नव्हता.

तो नियम काढून टाका म्हणणाऱ्यांनी एकदा हे काटे हातात धरावेत.

रोखठोक
ताई, वजनकाट्यांचा खेळ बंद खोलीत ठीक आहे. माझा मावसभाऊ स्कूटीवर होता. मागून ट्रक आला. त्याच्या हाताचे तीन तुकडे, मांडीत रॉड, आठ महिने घरी. ट्रकच्या बंपरचा नुसता रंग उडाला. आणि तुम्ही म्हणता दोघांना सारखाच मार बसला? हे त्याच्या आईसमोर जाऊन सांगाल का?

चाकणकर
रोखठोक, भावाचं ऐकून वाईट वाटलं. पण ताई "सारखा मार" म्हणालेल्या नाहीत, "सारखं बल" म्हणाल्या आहेत. गाड्यांच्या धडक-चाचण्यांशी माझा रोजचा संबंध आहे, म्हणून आकड्यांत सांगतो.

ट्रक दहा हजार किलो, वेग ताशी ३६ किलोमीटर. स्कूटी आणि स्वार मिळून दोनशे किलो. ०.१ सेकंदात स्कूटी जवळपास ट्रकच्या वेगाला आली असं धरा. त्यासाठी साधारण २०,००० न्यूटन बल लागतं, म्हणजे दोन टन वजन अंगावर यावं तितकं. तेवढंच बल उलट ट्रकवर. पण ट्रकचा वेग त्याने कमी होतो फक्त ताशी ०.७ किलोमीटरने. ड्रायव्हरला झटकासुद्धा जाणवत नाही. पन्नास पट वस्तुमान, म्हणून पन्नासावा हिस्सा त्वरण. शिवाय तिकडे बंपर लोखंडाचा, इकडे हाड. तुमच्या भावाचं नुकसान जास्त झालं ते दुसऱ्या नियमामुळे: बल तेच असेल तर वस्तुमान जितकं कमी, तितका वेग झपाट्याने बदलतो. तिसरा खोटा ठरत नाही.

रोखठोक
मग पोरांना "ट्रकचा परिणाम जास्त" एवढं सांगा ना. समान-समान करून गोंधळ कशाला?

तासिकावाली
कारण "परिणाम" आणि "बल" वेगळे करता येणं हाच तर तो धडा आहे. आपल्या बोलण्यात बळ, जोर, ताकद, शक्ती सगळं एकच. "बळी तो कान पिळी" ऐकत वाढलेलं पोर बल ही ट्रकच्या मालकीची वस्तू समजतं. बल कुणाच्या अंगात नसतं, ते दोघांमध्ये असतं.

ऊसपट्टा
मॅडम, माझा प्रश्न शाळेपासून अडकलाय. बैल गाडी ओढतो, गाडी बैलाला तेवढीच मागे ओढते. मग गाडी हलते कशी? मी गुरुजींना विचारलं तर छडी बसली. आज माझ्या दोन बैलगाड्या कारखान्याला ऊस नेतात, पण उत्तर मिळालेलं नाही.

तासिकावाली
दादा, तुमचा प्रश्न अगदी योग्य होता. ती दोन बलं एकमेकांना खोडत नाहीत, कारण एक गाडीवर आहे आणि दुसरं बैलांवर. गाडीचा हिशेब वेगळा मांडा: बैलांची ओढ पुढे, चाकांचा अडथळा मागे. ओढ जास्त झाली की गाडी निघाली. आता बैलांचा मांडा: खुरांनी ते जमीन मागे रेटतात, जमीन त्यांना पुढे रेटते. गाडी मागे खेचते त्यापेक्षा जमिनीचा रेटा जास्त झाला की बैल निघाले. खुद्द न्यूटननेही १६८७ च्या ग्रंथात हा नियम सांगताना दोराने दगड ओढणारा घोडाच घेतला आहे.

ऊसपट्टा
म्हणजे सरीतून गाडी निघत नाही तेव्हा बैल कमी पडत नाही, जमीन कमी पडते. हे खरंय. चिखलात खूर रोवत नाही, बैल जागच्या जागी पाय मारतो आणि गाडीवान उगाच त्याच्या पाठीवर चाबूक ओढतो. आम्ही अशा वेळी पुढे पाचट टाकतो. आज कळलं का ते.

क्लासवाले सर
सगळं छान आहे, पण जरा व्यवहाराने बोलू. एमएचटी-सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न, वेळ ९० मिनिटं. प्रश्नाला मिनिटसुद्धा नाही. वजनकाटे नाचवायला वेळ कुणाला? मी एका ओळीत उरकतो: पुस्तक टेबलावर, वजन खाली, टेबलाचं बल वर, समान आणि विरुद्ध, झाली क्रिया-प्रतिक्रिया. पोरं मार्क घेऊन येतात.

तासिकावाली
सर, माफ करा, पण हे साफ चूक आहे! आणि ही चूक वर्षाला शेकडो पोरांच्या डोक्यात जाते म्हणून राग येतो. ती दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. जोडीतली बलं एका वस्तूवर कधीच नसतात. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते, त्याची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं. टेबल पुस्तकाला वर रेटतं, त्याची जोडी म्हणजे पुस्तक टेबलाला खाली दाबतं. तेच टेबल वर निघालेल्या लिफ्टमध्ये ठेवा. लिफ्ट वेग घेत असताना टेबलाचा रेटा पुस्तकाच्या वजनापेक्षा जास्त असतो. मग तुमची "समान" जोडी कुठे गेली?

क्लासवाले सर
लिफ्टचं मान्य. एरवी ती बलं समान असतात ते पुस्तक स्थिर आहे म्हणून, तिसऱ्या नियमामुळे नाही. बरोबर आहे तुमचं, पुढच्या बॅचला उदाहरण बदलतो. पण वेळेचं माझं म्हणणं तसंच राहतं.

आईचीशाळा
खरा रोग कुणीच बोलत नाहीये. माझा मुलगा सेमी-इंग्रजीत आहे. "एव्हरी ॲक्शन हॅज ॲन इक्वल अँड ऑपोझिट रिॲक्शन" घडाघडा म्हणतो. म्हणजे काय रे, विचारलं तर म्हणे, आपण कुणाला मारलं तर तोही मारणार. विज्ञान मातृभाषेतून काढलंत, त्याची ही फळं.

विदर्भकन्या
ताई, मी दहावीपर्यंत पूर्ण मराठीतून शिकले. "क्रिया-प्रतिक्रिया" वाचून मीही अगदी हेच समजले होते. आधी क्रिया, मग तिला उत्तर म्हणून प्रतिक्रिया. टीव्हीवर पुढारी याच अर्थाने म्हणतात, क्रियेला प्रतिक्रिया येणारच. शब्दच वेळेचा क्रम सुचवतो, आणि नियम तर दोन्ही बलं एकाच क्षणी असतात असं सांगतो.

आईचीशाळा
म्हणजे दोष मराठीचा? अकरावीत इंग्रजी कळेना म्हणून किती मराठी पोरांनी सायन्स सोडलं, ते मी गावात बघितलंय. माझा सख्खा भाऊ त्यातला. दहावीला शाळेत पहिला होता. आज तो मेडिकल स्टोअरवर काउंटर सांभाळतो.

विदर्भकन्या
आणि मी त्या अकरावीतून रडत रडत पार पडले, हॉस्टेलच्या दिव्याखाली डिक्शनरी घेऊन. मला मराठीचं प्रेम शिकवू नका. माझं म्हणणं एवढंच की शब्द चुकीचा असेल तर तो मराठीत असल्याने बरोबर होत नाही.

चाकणकर
दोघी थांबा जरा. न्यूटनने मूळ लॅटिनमध्येही ॲक्शन-रिॲक्शनच लिहिलं, तेव्हा हा दोष ना मराठीचा ना सेमीचा. आणि "शेंबडं पोरही सांगेल" म्हणणाऱ्यांसाठी: १९२० साली न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात रॉकेटवाल्या गॉडर्ड यांना ऐकवलं होतं की पोकळीत ढकलायला काही नसतं, एवढंही यांना कळत नाही. चूक दुरुस्त केली १७ जुलै १९६९ ला, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना. रॉकेट हवेला ढकलत नाही, स्वतःच्या वायूला मागे ढकलतं, आणि तो वायू रॉकेटला तेवढंच पुढे ढकलतो.

आईचीशाळा
लॅटिनचं माहीत नव्हतं. ठीक. पण भावाचं मी मागे घेणार नाही, त्याचं सायन्स माध्यमामुळेच सुटलं.

विदर्भकन्या
ते मागे घ्या असं मी म्हटलेलंच नाही. ते खरंच आहे.

ऊसपट्टा
मग दुसरा शब्द द्या की. टाळी एका हाताने वाजत नाही, हे आमच्या आजीलाही ठाऊक होतं. डावा हात आधी लागला की उजवा, असं कुणी विचारत नाही.

तासिकावाली
दादा, हे मी उद्याच वर्गात वापरणार. मी वर्गात क्रिया-प्रतिक्रिया म्हणणं कधीच सोडलंय. मुलांना एकच सवय लावते: प्रत्येक बलाचं वाक्य "कोणाचं, कोणावर" असं पूर्ण लिहायचं. मग नावं उलटी करायची. "ट्रकचं स्कूटीवर", "स्कूटीचं ट्रकवर". उलटं करता आलं नाही तर ती जोडी नव्हे. सर, याला अर्धी तासिका लागते, आणि ती सीईटीतही वाया जात नाही.

क्लासवाले सर
अर्धी तासिका देऊन बघतो. शब्द देत नाही.

रोखठोक
सकाळी भाच्याच्या शाळेतून दोन ताणकाटे आणवले. हुकात हुक अडकवले, एक त्याच्या हातात, एक माझ्या. मी ओढलं, तो नुसता धरून होता. दोन्हीवर तीन. मग मी धरून राहिलो, त्याने ओढलं. दोन्हीवर दोन. पाच-सहा वेळा केलं, हात बदलून केलं. नियम काढून टाका हे मी मागे घेतो. माझ्या भावाला सोसावं लागलं ते त्या ट्रकला लागलं नाही, हे मात्र मी म्हणत राहणार.

तासिकावाली
म्हणा. त्यात चूक काहीच नाही.

रोखठोक
आणि ते पुस्तक पृथ्वीला वर ओढतं, हे अजून पटत नाही. भाचाही तेच विचारतोय. त्याला काय सांगू?