जीआरईच्या गणिताची तयारी: दहावीनंतर सुटलेले गणित पुन्हा कसे हाती घ्यावे?

प्रश्न (सांगली)

सर्वांना नमस्कार. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. अकरावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतले, पुढे वनस्पतिशास्त्रात पदवी मिळवली आणि गेली चार वर्षे मी मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिते. सार्वजनिक आरोग्य या विषयात परदेशी पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे मनात आहे. त्यासाठी पाच महिन्यांनी जीआरई ही प्रवेशपरीक्षा देणार आहे.

टक्केवारी, अडत, तोलाई हे माझे रोजचेच काम असल्याने गणित जड जाणार नाही असे वाटले होते, पण सरावाला बसल्यावर वेगळाच अनुभव आला. एका प्रश्नात क्ष ही शून्यापेक्षा मोठी संख्या दिली होती आणि क्ष चा वर्ग मोठा की क्ष मोठा, असे विचारले होते. मी २, ३ आणि ५ घालून पाहिले आणि ‘वर्ग मोठा’ असे निःशंकपणे उत्तर दिले. ते चुकले. अशा चुका गणित न येण्यामुळे होतात की परीक्षेची रीत न कळल्यामुळे? शनिवार-रविवार पुण्याला जाऊन क्लास लावावा, की घरीच अभ्यास करावा?

उत्तर १ (सातारा, गणिताचे शिक्षक)

ताई, तुम्ही जो प्रश्न सांगितलात त्यातच तुमच्या तयारीची दिशा आहे. क्ष च्या जागी अर्धा घातला असता, तर वर्ग पाव आला असता, म्हणजे क्ष पेक्षा लहान. आणि १ घातला असता, तर दोन्ही समान. म्हणून ‘दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही’ हे बरोबर उत्तर. दोन राशींच्या तुलनेचे हे प्रश्न सोडवताना २ आणि ३ वर न थांबता शून्य, एक, अपूर्णांक आणि ऋण संख्या यांपैकी दिलेल्या अटीत बसतील त्या सर्व घालून पाहण्याची सवय लावावी लागते.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची अडचण मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे आणि ती गणिताची नसून शब्दांची असते. आपण नैसर्गिक, पूर्ण आणि पूर्णांक असे तीन संच वेगवेगळ्या नावांनी शिकलो. परीक्षेत ‘इंटिजर’ हा शब्द आला की मनात नकळत १, २, ३ उभे राहतात, प्रत्यक्षात मात्र तो पूर्णांक संख्यांचा संच असतो, म्हणजे शून्य आणि ऋण संख्याही त्यात आल्या. शून्य ही सम संख्या आहे, १ ही मूळ संख्या नाही, ‘ॲट लीस्ट थ्री’ म्हणजे तीन किंवा त्याहून अधिक: अशा गोष्टी एका वहीत डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत आणि उजवीकडे आपला शब्द अशा लिहून काढा. साठ-सत्तर शब्दांत बहुतेक काम भागते.

टक्केवारीची तुमची सवय मोलाची आहे, फक्त आधार कोणता धरायचा हे प्रत्येक वेळी तपासा. समजा हळद क्विंटलला १५,००० वरून १८,००० झाली, तर वाढ २० टक्के. पण तीच पुन्हा १५,००० वर उतरली, तर घट २० टक्के नव्हे, सुमारे १६.६७ टक्के आहे, कारण आता भागायचे ते १८,००० ने.

क्लासबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अंकगणित, बीजगणित, भूमिती आणि सांख्यिकी एवढाच हा अभ्यास आहे. त्रिकोणमिती नाही, कलनही नाही. नववी-दहावीची पुस्तके काढून दीड महिना रोज सकाळी तासभर बसलात, तर पुण्याच्या एसटीत जाणारा वेळ वाचेल.

उत्तर २ (सांगली, परीक्षा दिलेला)

सरांच्या म्हणण्याला परीक्षेच्या बाजूने थोडी जोड देतो. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आखूड झाली आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील वेळापत्रकावर विसंबू नका. आता गणिताचे दोन विभाग असतात: पहिल्यात १२ प्रश्नांना २१ मिनिटे आणि दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६ मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटे. गुण १३० ते १७० या पट्टीवर मिळतात. पहिला विभाग कसा गेला त्यावर दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते, त्यामुळे सुरुवातीच्या साध्या प्रश्नांत घाई करून गुण घालवणे महागात पडते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. अडलेल्या प्रश्नावर खूण करून त्याच विभागात नंतर परत येता येते.

पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, पण मी सुरुवातीला प्रत्येक गुणाकारासाठी तो उघडत असे आणि माझा बराच वेळ त्यातच जाई. तुमचा हात हिशेबाला बसलेला आहे, तो सोडू नका. भूमितीतील आकृती प्रमाणात काढलेली असेलच असे नाही, म्हणून कोन डोळ्यांनी मोजू नका. परीक्षा घेणाऱ्या ईटीएस संस्थेच्या दोन सराव परीक्षा विनामूल्य आहेत. त्यांतील एक अगदी शेवटच्या पंधरवड्यासाठी राखून ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री घड्याळ लावून १२ प्रश्न २१ मिनिटांत सोडवले. सात बरोबर आले. चुकलेल्या पाचांपैकी तीन ठिकाणी ‘ॲट मोस्ट’ ही अट मी उलटी वाचली होती, एका ठिकाणी शून्य विसरले आणि एक प्रश्न प्रमाण विचलनाचा होता, जो मला समजलाच नाही. शब्दांची वही आजपासून सुरू केली आहे.

उत्तर १ (सातारा)

पाचांपैकी चार चुका वाचनाच्या आहेत, म्हणजे त्या महिन्याभरात आटोक्यात येतील. प्रमाण विचलनाचे सूत्र पाठ करण्याआधी त्याचा अर्थ धरा: संख्या आपल्या सरासरीपासून किती पसरलेल्या आहेत याचे ते माप आहे. १०, २०, ३० हे तीन आकडे घ्या आणि शेजारी ११०, १२०, १३० लिहा. सरासरी शंभराने वाढली, पण पसारा तोच राहिला, म्हणून विचलन समान. आता पहिले तीन आकडे दुप्पट करून २०, ४०, ६० करा, तर विचलनही दुप्पट होईल. हे कागदावर स्वतः करून पाहा आणि मग कालचा तो प्रश्न पुन्हा सोडवून इथे कळवा.