विषय: डाउन जॅकेट घरी धुता येतं का?

नमस्कार मंडळी,

माझं डाउन जॅकेट तीन हिवाळे वापरलंय आणि एकदाही धुतलेलं नाही. कॉलर आणि मनगटं तेलकट काळी झाली आहेत. आमच्याकडे दार उघडलं की लगेच स्वयंपाकघर, त्यामुळे फोडणीचा वास त्यात मुरलाय. बसमध्ये शेजारी कोणी बसलं की मला फार संकोच होतो. त्यात काल पोहे करताना हळदीचा हात बाहीला लागला. आई सध्या इथे आली आहे. ती म्हणते, बादलीत पावडर टाकून भिजत घाल आणि ब्रशने घास. माझा धीर होत नाही. इमारतीत खाली सगळ्यांची मशीन आहेत, पण ती वरून कपडे टाकायची, मधे खांब असलेली. हे जॅकेट खराब झालं तर या पगारात दुसरं घेणं जमायचं नाही. कोणी घरी धुतलं आहे का?

— एडमंटनच्या (कॅनडा) मिलवुड्समधली, मूळची नाशिकची

~~~

अगं, नक्की धुता येतं. मी दर वर्षी थंडी सरली की घरातली चारही जॅकेटं धुते. पण आईंना सांग, पावडर नको आणि ब्रशही नको.

आत काय असतं ते आधी समजून घे. बदकाच्या किंवा हंसाच्या छातीपोटावरची, काडी नसलेली मऊ लव असते ती, तिलाच डाउन म्हणतात. ती फुलते, तिच्यात हवा अडकते आणि ती हवाच आपल्याला ऊब देते. जॅकेटच्या आतल्या पट्टीवर ६०० किंवा ७०० असा आकडा असेल तर बघ. ६०० म्हणजे औंसभर, साधारण २८ ग्रॅम डाउन फुलून ६०० घन इंच जागा व्यापतं. एवढ्याशा वजनात जवळजवळ १० लिटर! अंगाचं तेल, घाम, केसांचं खोबरेल यांनी ती लव चिकटते, चपटी होते. जॅकेट पूर्वीसारखं गरम राहत नाही असं तुला वाटत असेल तर त्याचं कारण बहुधा हेच. न धुण्यानेही जॅकेट खराब होतं, हे मला मुद्दाम सांगायचंय.

साबण डाउनसाठीचाच घे, निकवॅक्सचा किंवा ग्रेंजर्सचा. गिर्यारोहणाचं सामान मिळतं तिथे मिळेल. नेहमीच्या डिटर्जंटने लवेचं स्वतःचं तेल निघून जातं आणि साबणाचा अंश आत राहतो. सॉफ्टनर आणि ब्लीच तर अजिबात नको. खांबवाल्या मशीनमध्ये घालू नकोस. आतल्या हवेमुळे जॅकेट वर तरंगतं आणि खांबात अडकून शिवण उसवते. लाँड्रोमॅटमध्ये, म्हणजे पैसे भरून आपले कपडे धुवायच्या दुकानात, समोरून उघडणारं मोठं मशीन असतं, ते वापर. आधी रिकामंच एकदा फिरव, म्हणजे आधीच्या माणसाचा साबण निघून जाईल. खिसे रिकामे कर, सगळ्या चेन लाव, कॉलरला साबणाचे दोन थेंब बोटाने हलके चोळ. पाणी गार किंवा कोमट, मशीन डेलिकेटवर, म्हणजे नाजूक कपड्यांसाठीच्या सेटिंगवर. धुऊन झालं की नुसत्या पाण्यातून आणखी एक-दोनदा काढ. पिळायचं मात्र नाही. ओलं जॅकेट इतकं जड होतं की खांद्याला धरून उचललं तर आतले कप्पे फाटतात. तान्ह्या बाळाला घेतो तसं खालून दोन्ही हात घालून उचल.

आता वाळवणं. सगळं यावरच आहे. पहिल्या वर्षी माझं वरचं कापड पाऊण तासात कोरडं लागलं म्हणून मी जॅकेट कपाटात टांगलं. आठवड्याने दार उघडलं तर खुराड्यासारखा वास, आणि हाताला नुसत्या गुठळ्या. पुन्हा धुतलं, नीट वाळवलं आणि ते पहिल्यासारखं झालं. तेव्हापासून मी तीन-चार तास राखूनच ठेवते. ड्रायर अगदी कमी उष्णतेवर, कारण जास्त आचेने नायलॉन वितळतं. सोबत दोन-तीन स्वच्छ टेनिस बॉल टाक. दर अर्ध्या तासाने बाहेर काढ आणि दिव्यासमोर धर. कप्प्यात काळपट गोळा दिसला की तिथे अजून ओल आहे. रव्यातल्या गुठळ्या मोडतो तशा त्या बोटांनी मोकळ्या कर आणि पुन्हा फिरव. एकही गोळा हाताला लागेनासा झाला, वास गेला, की झालं. त्यानंतरही एक दिवस बाहेर टांगून ठेव.

हळदीला साबण लागला की ती लाल होते, घाबरू नकोस. उन्हात धर, उतरेल.

— काकू, रिव्हरबेंड

~~~

काकूंनी सगळं छान सांगितलं आहे, थोडी भर घालतो. आतली पट्टी आधी वाचा. पाण्याच्या टबाच्या चित्रावर फुली असेल तर घरी धुऊ नका. टोपीला खरी फर असेल तर ती सोडवून बाजूला ठेवा. आणि ड्रायर कशाला? बाल्कनीत दोरीवर टांगलं तर वाळणार नाही का? पुण्याला आम्ही गाद्यासुद्धा उन्हातच घालायचो.

— सेंट अल्बर्टहून

~~~

दादा, गादीतला कापूस आणि ही लव यांत फरक आहे. टांगलं की पाण्यासकट सगळी लव कप्प्याच्या तळाशी जाऊन बसते आणि वरचा भाग रिकामा राहतो. ड्रायर नसेलच तर टॉवेलवर आडवं पसरा, टॉवेलने दाबून पाणी टिपा, दिवसातून पाच-सहा वेळा उलटा, गुठळ्या मोडत राहा. दोन-तीन दिवस तरी लागतात.

आणि सगळ्यांनाच विनंती, उन्हाळ्यात भारतात जाताना जॅकेटं हवा काढायच्या पिशवीत दाबून ठेवू नका. तेवढे महिने दाबून राहिलेली लव पुन्हा पूर्ण फुलत नाही. कपाटात सैल टांगून ठेवा. पीस बाहेर डोकावलं तर उपटू नका, आतल्या बाजूने चिमटीत धरून मागे ओढा. उपटलं की भोक मोठं होतं आणि त्यातून पुढची येतात.

— काकू

~~~

काकू, झालं! शनिवारी लाँड्रोमॅटला गेलो. टेनिस बॉल मंडळाच्या क्रिकेटच्या पेटीतले, नवे कोरे. मशीनमधून काढलं तेव्हा जॅकेट ओल्या फडक्यासारखं चपटं होतं, माझ्या पोटात गोळाच आला. पहिल्या तासानंतरही पाठीत लिंबाएवढे गोळे लागत होते. आई बाकावर बसून एकेक कप्पा चाचपून मोडत होती, मी दिव्यासमोर धरत होते. साडेतीन तास लागले. शेवटच्या वेळी बाहेर काढलं तर मांडीवर मावेना. आईने गालाला लावून बघितलं आणि म्हणाली, आता माझंही धुऊ या.

फोडणीचा वास गेला आहे, कॉलर स्वच्छ झाली. हळद बाहीवर पुसटशी आहे, बाही दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आहे. साबण अर्धा उरलाय. पाडव्याला हॉलवर घेऊन येते, ज्यांना हवा त्यांनी न्या.

— नाशिकची