'ग्रासरूट्स'ला 'तळागाळातील' म्हणावे का?

कोरा कागद
अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकांवरील एका दीर्घ लेखाचा अनुवाद सध्या हाती आहे. त्यातील मोठा भाग हॉवर्ड डीन यांच्या २००३-०४ मधील मोहिमेविषयी आहे. व्हरमाँट या चिमुकल्या राज्याचे माजी गव्हर्नर आणि पेशाने डॉक्टर असलेले डीन इराक युद्धाला उघड विरोध करत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले, तेव्हा त्यांच्यापाशी ना पैसा होता ना देशभर ओळख. वर्ष संपता संपता मात्र ते आघाडीचे उमेदवार मानले जाऊ लागले, आणि हे ज्यांच्या जोरावर घडले त्यांना मूळ लेखात जागोजागी 'ग्रासरूट्स सपोर्टर्स' (शब्दशः 'गवताच्या मुळांतले समर्थक') म्हटले आहे. मी 'तळागाळातील समर्थक' असे लिहिले. मसुदा ज्यांना वाचायला दिला होता, त्या स्नेह्यांनी समासात पेन्सिलीने विचारले आहे, "एवढे तळागाळातले होते, तर यांच्या घरी २००३ साली संगणक कोठून आले?"

हे समर्थक 'मीटअप' या संकेतस्थळावर नाव नोंदवून दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी आपापल्या गावातील एखाद्या उपाहारगृहात जमत, अनोळखी लोकांशी ओळखी करून घेत आणि पुढची कामे वाटून घेत. त्यांत सुशिक्षित मध्यमवर्गीयांचा भरणा होता. 'तळागाळातील' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे लोक येतात, ते हे नव्हेत. दुसरीकडे, वृत्तपत्रांनी हा प्रतिशब्द इतका रुळवला आहे की तो टाळल्यास वाचक अडखळेल, असेही वाटते. जाणकारांनी मत द्यावे. 'ऑनलाइन आउटरीच', म्हणजे इंटरनेटवरून लोकांपर्यंत पोचणे, यासाठीही काही सुचल्यास पाहावे. 'जनसंपर्क' लिहिले की मला सरकारी कचेरीतला अधिकारीच दिसू लागतो.

शुद्धिपत्र
आपल्या स्नेह्यांची शंका रास्त आहे. 'तळ' आणि 'गाळ' मिळून झालेला हा शब्द मराठीत जात, उत्पन्न आणि शिक्षण यांच्या उतरंडीत सर्वांत खाली ठेवल्या गेलेल्यांसाठी वापरला जातो. ज्याच्यापर्यंत सरकारी योजना पोचत नाही, तो तळागाळातला माणूस. इंग्रजी शब्दातही खालचा-वरचा हा भाव आहे, पण तेथे 'वर' म्हणजे पक्षाचे पुढारी आणि पदाधिकारी, श्रीमंत लोक नव्हेत. दोन वेगळ्या उतरंडी आपण एका शब्दात कोंबल्या आहेत.

मी 'जनमूल' असा शब्द सुचवतो. 'जनमूल समर्थक', 'जनमूल मोहीम' अशी रूपे सहज होतात. 'आउटरीच'साठी 'संपर्कविस्तार' आणि 'ऑनलाइन'साठी 'महाजालीय' चालावे. नवा शब्द आरंभी कानाला खटकतोच. सावरकरांचे 'महापौर' आणि 'दिनांक' हेही एकेकाळी खटकले असतील.

तिरकस
सावरकरांचे तरी सगळे शब्द कोठे रुळले? जे रुळले त्यांचीच आठवण काढायची, हा आपला जुना हिशेब आहे. 'महाजालीय संपर्कविस्तार' वाचून मला कोळ्यांची सहकारी संस्था आठवली, याबद्दल क्षमस्व.

बंगालीत 'तृणमूल' आहे, अगदी शब्दशः. परंतु १९९८ मध्ये ममता बॅनर्जींनी त्या नावाचा पक्ष काढल्यापासून मराठी वाचकाला तो शब्द पक्षाचे नाव म्हणूनच ठाऊक आहे, आणि 'डीन यांचे तृणमूल समर्थक' असे छापले तर ही मंडळी कोलकात्याहून प्रचाराला गेली होती असे कोणीही समजेल. आपल्या राजकारणात यासाठी जिवंत शब्दप्रयोग आहे तो 'सतरंज्या उचलणारे कार्यकर्ते'. घ्या की तो.

काळी आई
गवताच्या मुळाला मराठीत शब्द नाही असे धरून चर्चा चालली आहे, म्हणून लिहिते. हरळीची मुळी हा काय शब्द नव्हे? आमच्या घरी शेती होती आणि हरळी म्हणजे काय चीज आहे हे मी हाताने उपटून पाहिले आहे. वर हिरवे पाते चार बोटेही नसते, खाली पांढरी, पेरापेरांची मुळी हातभर पसरलेली असते. कुळवाने तुकडे झाले तर प्रत्येक पेराला फुटवा येतो आणि एकीच्या दहा होतात. 'हरळीच्या मुळीसारखा चिवट' असे आपण माणसालाही म्हणतो.

इंग्रजीतही हा शब्द राजकारणात आला तो जमिनीचा वास घेऊनच. १९१२ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळा पक्ष काढला, तेव्हा माजी सिनेटर अल्बर्ट बेव्हरिज यांनी तो पक्ष गवताच्या मुळांतून, लोकांच्या निकडीच्या मातीतून उगवला आहे अशा अर्थाचे उद्गार काढले होते. तेव्हा 'हरळीच्या मुळीसारखे पसरलेले समर्थक' असे एकदा खुशाल लिहावे, पुढे नुसते 'समर्थक' पुरे.

शुद्धिपत्र
काळी आई, आपली प्रतिमा सुंदर आहे, परंतु हरळी शेतकऱ्याला नकोशी असते. डीन यांच्या समर्थकांना तण म्हणणे त्यांच्या विरोधकांना आवडेल, अनुवादकाला परवडणार नाही.

काळी आई
दूर्वा म्हणजे तीच हरळी, आणि ती आपण गणपतीच्या मस्तकावर वाहतो, इतकेच नम्रपणे नमूद करते.

चौकस
तिरकसराव, 'सतरंज्या उचलणारे' येथे बसणार नाही. सतरंजी उचलणाऱ्याला सतरंजी कोणीतरी उचलायला सांगितलेली असते. सभा पक्षाची, वेळ पक्षाने ठरवलेली, आणि तक्रार एवढीच की तिकीट बाहेरून आलेल्याला मिळाले. डीन यांच्या बाबतीत नवलाची गोष्ट उलटी होती. लोक मीटअपवर आपण होऊन जमू लागले होते. मोहिमेचे व्यवस्थापक जो ट्रिपी यांचे कौतुक यासाठी की त्यांनी तो ओघ ओळखला आणि त्याला बांध घातला नाही. कोणत्या गावात कोणी जमावे, कोणते पत्रक छापावे, हे बर्लिंग्टनच्या मुख्य कचेरीतून ठरत नसे. नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारी निवडणूक निधी आणि त्यासोबत येणारी खर्चमर्यादा नाकारायची की नाही, हा प्रश्नसुद्धा समर्थकांपुढे मतासाठी ठेवला गेला, आणि त्यांनी नाकारण्याच्या बाजूने कौल दिला.

म्हणजे या शब्दात माणूस किती खालचा आहे हे महत्त्वाचे नाही, काम कोठून सुरू झाले हे महत्त्वाचे आहे. मराठीतले आपले सगळे पर्याय जागा सांगतात: तळागाळ, गावपातळी, बूथपातळी, आणि हल्ली हिंदीच्या पावलावर पाऊल टाकून आलेले ते 'जमिनी स्तरावर'. कोणी न सांगता उठलेला माणूस त्यांतल्या एकातही मावत नाही. 'स्वयंस्फूर्त समर्थक' हा शब्द दिसायला साधा आहे, पण तो या एकाच बाबतीत चोख आहे.

'आउटरीच'बद्दल: 'संपर्क मोहीम' हा शब्द आपल्याकडे घरोघर फिरणाऱ्या प्रत्येक पक्षाने वापरलेला आहे. तो सोडून 'विस्तार' कशाला?

आयोवाकर
मी त्या हिवाळ्यात आयोवात राहत होतो, म्हणून या 'मुळां'विषयी थोडी वेगळी आठवण सांगतो. जानेवारी २००४ मध्ये डीन यांचे हजारो समर्थक इतर राज्यांतून आयोवात उतरले होते. डोक्याला नारिंगी लोकरी टोप्या असत, आणि बर्फात दोघे-तिघे दारोदार फिरताना लांबूनही ओळखू येत. त्याआधी मीटअपच्या बैठकांतून आयोवाच्या मतदारांना हाताने लिहिलेली पत्रे येत होती. माझ्या शेजारच्या वृद्ध बाईंना दूरच्या एका राज्यातून असे पत्र आले होते. मजकूर आर्जवी होता, अक्षर वळणदार होते, आणि त्यांनी ते जपूनही ठेवले. मत मात्र त्यांनी डीन यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांना दिले. "पत्र चांगलं होतं, पण मला कोण हवं हे तिला कसं कळणार?" असे त्या म्हणाल्या.

१९ जानेवारीला आयोवात पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी झालेल्या मतदानात केरी यांना सुमारे ३८ टक्के, आणखी एक प्रतिस्पर्धी जॉन एडवर्ड्स यांना ३२ आणि डीन यांना १८ टक्के पाठिंबा मिळाला. त्या रात्रीच्या भाषणातली डीन यांची आरोळी जगभर वाजवली गेली आणि पुष्कळांना वाटते की ते तिच्यामुळे हरले. प्रत्यक्षात आरोळी निकालानंतरची आहे. तेव्हा माझा प्रश्न असा की ज्यांची मुळे त्या मातीत नव्हतीच, त्यांना आयोवापुरते तरी 'ग्रासरूट्स' कसे म्हणायचे? स्वयंस्फूर्त होते, हे मान्य. पण हरळी लांबून पत्र पाठवत नाही.

तिरकस
आयोवाकरांनी काळी आईंची हरळी उपटली. यासाठी आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे: घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे. स्वखर्चाने विमानाचे तिकीट काढून परक्या राज्याच्या बर्फात दारे ठोठावणाऱ्याला याहून नेमके काय म्हणणार?

चौकस
त्या वाक्प्रचारात भाकऱ्या भाजणाऱ्याची कीव आहे. मूळ लेखकाला ती अभिप्रेत नसावी. 'पदरमोड करणारे' म्हणा हवे तर.

कोरा कागद
सर्वांचे आभार. 'स्वयंस्फूर्त' मला पटू लागला आहे. पण 'व्हॉलंटिअर्स' हा शब्द त्याच परिच्छेदात येतो, आणि 'स्वयंस्फूर्त स्वयंसेवक' वाचताना जीभ अडखळते. शिवाय 'स्वयंसेवक' म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाचे मन एका विशिष्ट संघटनेकडे जाते, ते वेगळेच. आणखी एक अडचण पैशांची आहे. लेखात 'स्मॉल डोनर' आहेत. २००३ च्या तिसऱ्या तिमाहीत डीन यांनी जवळपास १.५ कोटी डॉलर गोळा केले आणि त्यांत अशा लहान रकमांचा वाटा मोठा होता. संकेतस्थळावर बेसबॉलच्या बॅटचे चित्र असे आणि पैसे येतील तसतशी ती लाल रंगाने भरत जाई. जुलैमध्ये उपाध्यक्ष डिक चेनी यांचे माणशी २,००० डॉलरचे निधिभोजन होते, तेव्हा डीन यांनी संगणकासमोर बसून टर्कीचे सँडविच खाल्ले, आणि चेनींपेक्षा अधिक जमवून दाखवा या आव्हानावर समर्थकांनी सुमारे ५ लाख डॉलर पाठवले. हे 'देणगीदार' की 'वर्गणीदार'?

शुद्धिपत्र
'वर्गणीदार' मासिकाचा असतो. शिवाय वर्गणी ठरलेली असते आणि ती मागायला दारात मंडळाची मुले येतात. येथे रक्कम देणाऱ्याच्या मर्जीची आहे, म्हणून 'देणगीदार'च योग्य. समूहाला उद्देशून 'लोकवर्गणी' चालेल, कारण त्या शब्दाने ठरावीक रकमेची अट केव्हाच सोडली आहे.

'स्वयंसेवक' हा शब्द मात्र एका संघटनेच्या स्वाधीन करून आपण मोकळे होणार असू, तर त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. काँग्रेसच्या अधिवेशनांत स्वयंसेवक असत आणि आजही वारीत, रक्तदान शिबिरांत, साहित्य संमेलनांत ते असतात. ज्या शब्दावर कोणी बसला तो शब्द सोडून द्यायचा, असे ठरवले तर काही वर्षांत मराठीत केवळ अव्यये उरतील.

काळी आई
शुद्धिपत्रांशी आज प्रथमच सहमत आहे. 'स्वयंसेवक' ठेवा आणि 'स्वयंस्फूर्त' काढा. 'आपण होऊन आलेले' असे साध्या मराठीत लिहिता येते. दोन संस्कृत शब्द एकमेकांच्या पायात येत असतील तर त्यांतल्या एकाला घरी पाठवावे.

तिरकस
खोट्या ग्रासरूट्सला तिकडे 'अ‍ॅस्ट्रोटर्फ' म्हणतात, कृत्रिम हिरवळीच्या प्रसिद्ध छापावरून. टेक्सासचे सिनेटर लॉइड बेन्टसन यांनी १९८५ मध्ये विमा कंपन्यांच्या बाजूने आलेल्या पत्रांच्या ढिगाला उद्देशून हा शब्द वापरला होता. अनुवादात तो आला तर काय करणार? 'जनमूल'चा विरुद्धार्थी शब्द शुद्धिपत्रांनी द्यावा. मी तूर्त 'भाडोत्री गर्दी' सुचवून ठेवतो.

चौकस
भाडोत्री गर्दी मैदानात दिसते आणि ट्रकने परत जाते. बेन्टसन यांचा रोख पत्रांवर होता, ज्यांत माणूस दिसत नाही. 'बनावट लोकमत' म्हणता येईल.

बाकी, लेखात 'प्रायमरी' आणि 'कॉकस' यांचे काय केले आहे? 'प्राथमिक निवडणूक' सर्रास छापले जाते, पण त्यात शाळेचा वास येतो. पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवण्यासाठी राज्याराज्यांत होणारे मतदान असल्याने 'उमेदवार-निवडणूक' किंवा राज्य नाट्य स्पर्धेसारखी 'प्राथमिक फेरी' म्हणावे, असे मला वाटते.

शुद्धिपत्र
'पूर्वनिवडणूक' हा नेटका शब्द उपलब्ध असताना नाट्यस्पर्धा कशाला? मतदारांनी एकत्र जमून उमेदवार ठरवण्याच्या 'कॉकस'ला 'निवडसभा' म्हणावे.

आयोवाकर
'निवडसभा' बरी आहे, पण 'सभा' म्हटले की व्यासपीठ आणि वक्ता आले. मी १९ जानेवारीच्या रात्री आयोवातल्या एका कॉकसला गेलो होतो, नागरिक नसल्याने भिंतीशी बसून पाहण्यापुरता. शाळेच्या दालनात एका कोपऱ्यात केरींचे लोक, दुसऱ्यात एडवर्ड्सचे, खिडकीपाशी डीन यांचे. डोकी मोजली गेली. ज्यांच्या गटात १५ टक्के भरले नाहीत त्यांना दुसरीकडे जाण्याची मुभा होती, आणि मग शेजारीपाजारी हाताला धरून "अहो, इकडे या" असे बोलावू लागले. नारिंगी टोपीवाल्यांना त्या मोजणीत जागा नव्हती, कारण मत त्या राज्यातल्या रहिवाशाचे. बोलावणारा माणूस ओळखीचा असणे तेथे किती मोलाचे होते, ते त्या खोलीत दिसत होते. याला मी 'कंपू' म्हणेन. कंपू करून उभे राहणे हेच तर मतदान होते.

चौकस
'कॉकस' हा अल्गॉन्क्विन भाषांतील सल्लागार या अर्थाच्या शब्दावरून आला असे एक मत आहे, पण ते निर्विवाद नाही. 'कंपू'त हेटाळणी आहे, ती कशी काढणार?

शुद्धिपत्र
काढता येणार नाही, म्हणूनच 'निवडसभा'.

आयोवाकर
मग अमेरिकी प्रतिनिधीगृहात १९९३ पासून भारताविषयी आस्था असलेल्या सदस्यांचा जो कॉकस आहे, त्यालाही 'निवडसभा'च म्हणणार का? तेथे कोणाचीच निवड होत नाही.